भिंती रंगल्या, अंगणांचे काय?

नवी मुंबईच्या भिंतींची समीक्षा करावी, असे पंधरा वर्षांपूर्वी कुणाच्या मनात आले नसते. भिंती तेव्हाही होत्याच. सिडकोने आखलेल्या या शहरात त्यांची वाण कधी पडली नाही. सोसायटीला भिंत, शाळेला भिंत, नाल्याला भिंत, रेल्वेमार्गाला भिंत. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरावे, उन्हात ते काळे पडावे आणि उरलेल्या जागी शिकवणी वर्गांच्या व गृहकर्जांच्या जाहिराती चिकटाव्यात, एवढाच त्यांचा इतिहास. पुढे केंद्र शासनाच्या 'स्वच्छ सर्वेक्षणा'ची स्पर्धा सुरू झाली आणि त्यांचे रूप पालटले. मोठ्या शहरांत नवी मुंबईला २०२० साली तिसरा, २०२१ साली चौथा आणि २०२२ व २०२३ साली पुन्हा तिसरा क्रमांक मिळाला. या वर्षांत महापालिकेने उड्डाणपुलांचे खांब, भुयारी मार्ग, नाल्यांचे कठडे आणि कुंपणभिंती रंगवून काढल्या. सर जे. जे. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि काही चित्रकार या कामी आले. नामवंत मराठी कवींच्या ओळीही काही भिंतींवर उमटल्या.

हे सारे स्वागतार्ह आहे. पुढचा मजकूर कडवट वाटला, तरी वाचकांनी हे वाक्य विसरू नये. ज्या शहरात माणसे कामावरून परतताना मान वर करीत नाहीत, तेथे रंगाचा एक पट्टा जरी दृष्टीस पडला तरी तो उपकारच म्हणायचा. परंतु कलाकृती म्हटली की तिला कलेचेच निकष लावावे लागतात, आणि 'सार्वजनिक कला' म्हटली की आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: यातला 'सार्वजनिक' कोण? पाहणारा, की करणारादेखील?

प्रथम पाहण्यासारखे काय आहे ते पाहू. या भित्तिचित्रांत फ्लेमिंगो आहेत, आणि ते असणे योग्यच. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात उतरणारा हा गुलाबी पाहुणा या शहराची ओळख ठरला आहे. वारली आकृत्या आहेत. कचऱ्याचे वर्गीकरण शिकवणारी बोधचित्रे आहेत. निसर्गदृश्ये आहेत, त्यांतले डोंगर पारसिकच्या डोंगरांपेक्षा हिमालयाच्या अधिक जवळचे. रेषेचा कस सर्वत्र सारखा नाही. काही ठिकाणी चित्रकाराचा सराईत हात जाणवतो, काही ठिकाणी ठेकेदाराची घाई. कवितांच्या भिंती मला सर्वांत उजव्या वाटतात, कारण त्या माणसाला थांबायला सांगतात. मात्र थांबण्यासाठी पदपथ आणि सावली लागते. पामबीच मार्गासारख्या सुसाट रस्त्यावर कोणतीही भिंत, मग ती चित्राची असो वा कवितेची, गाडीच्या काचेतून निसटून जाण्यापुरतीच उरते.

वारली आकृत्यांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा मुलूख डहाणू-तलासरीचा, आजच्या पालघर जिल्ह्यातला. तेथे लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनी 'चौक' लिहायचा, तांदळाच्या पिठाने, गेरूच्या अंगावर, आणि लग्न पार पडले की त्या चित्राचे काम संपायचे. जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. आता तीच रेषा आमच्या उड्डाणपुलाच्या खांबांवर तारपा वाजवणाऱ्यांच्या वर्तुळाच्या रूपात गरगर फिरते आहे. ती काढायला कुणी वारली चित्रकार आला होता का, हे चित्रावरून कळत नाही. जिथे काय काढावे ते सुचत नाही तिथे वारली काढावे, असा संकेतच रूढ झालेला दिसतो. एका जिवंत परंपरेचा रिकामी जागा भरण्यासाठी असा वापर होत असेल, तर तिला आपण मान दिला असे म्हणता येणार नाही.

आणि सही? बहुतेक भिंतींवर ती नाही. प्रायोजकाचे, योजनेचे आणि घोषवाक्याचे अक्षर ठळक; चित्रकाराचे नाव शोधावे लागते आणि शोधूनही सापडत नाही. घारापुरीच्या शिल्पकारांचीही नावे आपल्याला कुठे ठाऊक आहेत, असे यावर कुणी म्हणेल. खरे आहे. पण ती नावे चौदा शतकांच्या ओघात हरवली; ही नावे पहिल्याच दिवशी कुणी विचारली नाहीत. ज्या मुलाला चित्रकार व्हायचे आहे त्याने या भिंतीसमोर उभे राहून कुणाचा पत्ता शोधावा? माझ्या धर्मग्रामातील युवकांना मी एकदा सहज विचारले, की घराजवळची ती मोठी भिंत कुणी रंगवली? 'महापालिकेने,' असे उत्तर मिळाले. महापालिका रंगवत नाही, फादर, माणसे रंगवतात, असे त्यांच्यापैकी एकालाही वाटले नाही, याचे मला अधिक वाईट वाटले.

तरुण आणि चित्रकार यांची गाठ पडण्याची आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे स्पर्धा. रविवारी सकाळी मैदानात मुले बसतात, विषय फळ्यावर लिहिला जातो, दोन तासांनी कागद गोळा होतात, पाहुण्यांच्या हस्ते प्रशस्तिपत्रके मिळतात. भिंतीच्या बाबतीत याचीच मोठी आवृत्ती निघते: बाह्यरेषा आधीच काढून ठेवलेल्या, मुलांनी त्यांत रंग भरायचा, छायाचित्र काढायचे आणि घरी जायचे. चित्रकार हा या सोहळ्यात परीक्षक असतो. तो चुकताना, पुसताना, मागे सरून डोळे बारीक करून पाहताना मुलांना कधी दिसत नाही. कला शिकण्याचा खरा आरंभ तर तेथेच होतो.

या शहराच्या आराखड्यात अशा भेटीसाठी जागा ठेवलेली होती, हे आज कितीजणांना आठवते? नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. पुढे १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी बेलापूरला, डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे सहा हेक्टर जमिनीवर साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांसाठी एक वसाहत रचली. तिलाच आपण 'आर्टिस्ट व्हिलेज' म्हणतो. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या सहली तेथे येतात. बेलापूरच्या रिक्षावाल्यालाही हे नाव पुरते. पण या नावाचा अर्थ काय, हे तेथे वाढलेल्या पोरांनाही विचारून पाहावे.

कोरियांची मांडणी अशी. सात घरे एका छोट्या अंगणाभोवती, ते अंगण साधारण आठ मीटर लांब आणि तेवढेच रुंद. अशी तीन अंगणे मिळून एकवीस घरांचा पुंजका आणि त्याच्या मध्ये बारा मीटरांचा चौक. असे तीन पुंजके एकत्र आले की वीस मीटरांची मोकळी जागा. असे वाढत वाढत मैदान, शाळा, बाजार. प्रत्येक घर स्वतंत्र. एकाची भिंत दुसऱ्याला लागलेली नाही, म्हणजे कुटुंब वाढले की घर वाढवता यावे. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे गरिबाचे आणि मध्यमवर्गीयाचे घर आकाराने फार दूर पडू नये. बांधकामाची रीत इतकी साधी की गावच्या गवंड्याला ती जमावी. वसाहतीच्या नावामागे चित्रकार-शिल्पकारांनी येथे राहावे, काम करावे ही इच्छा होती, आणि आरंभीच्या काळात काही कलावंत तेथे राहिलेही.

मला या योजनेत सर्वांत मोलाचे वाटते ते आठ मीटरांचे अंगण. ते रस्ता नाही आणि घरही नाही. मराठी माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. रांगोळी, वाळवण, तुळशीवृंदावन, वसईकडे लग्नाचा मांडव, सारे तेथलेच. ते अंतरच असे आहे की समोरच्या ओसरीत कुणी माती मळत असेल किंवा कॅनव्हास ताणत असेल, तर खेळणारे पोर चेंडू आणायला गेलेले तेथेच रेंगाळेल. कलावंत आणि तरुण यांना जोडण्यासाठी तेथे कार्यक्रमाची गरज नव्हती. शेजार पुरेसा होता. कोरियांची ही दृष्टी त्यांच्या इतर वास्तूंतही दिसते. पणजीच्या कला अकादमीत त्यांनी मारियो मिरांडा यांच्याकडून प्रेक्षागृहाच्या भिंतींवर सज्जे आणि त्यांत बसलेली गोव्याची माणसे रंगवून घेतली. तेथे चित्र हे भिंतीला मागाहून चिकटवलेले ठिगळ नव्हते. वास्तू उभी राहतानाच तिच्यात चित्राची जागा ठरली होती.

बेलापूरच्या योजनेचे पुढे काय झाले, हे सांगताना तक्रारीचा सूर लावणे सोपे आहे. मूळची कौलारू घरे बरीचशी गेली आणि त्यांच्या जागी तीन-तीन मजली काँक्रीटची घरे उभी राहिली. पण घर वाढवता यावे ही तर कोरियांचीच अट होती. मुलांची लग्ने झाली, नातवंडे आली, त्यांना खोल्या हव्या होत्या. त्यात दोष कसला? दोष असलाच तर तो अंगणांच्या वाट्याला जे आले त्यात आहे. कित्येक अंगणांत आता मोटारी उभ्या असतात. वाढलेल्या घरांच्या उंच, कोऱ्या, सिमेंटच्या भिंती त्या अंगणांवर उभ्या आहेत. महापालिकेच्या रंगाच्या बादल्या महामार्गाकडे गेल्या, या भिंतींकडे आल्या नाहीत, कारण परीक्षक येतात ते महामार्गाने.

येथे एक उपेक्षित माणूस आठवतो. स्थानिक कलावंत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रदर्शने भरवणारा चित्रकार येतो. पण मोहल्ल्याचा खरा चित्रकार होता 'पेंटर'. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, कोळ्यांच्या होड्यांवरची नावे, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीच्या घोषणा, सारे त्याच्या हातचे. ज्या महाराष्ट्रात कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना 'पेंटर' हेच आडनाव चिकटले आणि ते त्यांनी अभिमानाने मिरवले, तेथे या शब्दाला मान होता. फ्लेक्सचे छापील फलक आले आणि काही वर्षांत या माणसांचा धंदा बसला. त्यांच्यातले कितीतरी आज घरांना डिस्टेंपर देतात. अक्षराला सावली कशी द्यावी, दहा फूट उंच चेहरा चौकटी आखून कसा चढवावा, हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे आणि ते त्यांच्याबरोबर जाणार आहे. वांद्र्याच्या चॅपल रोडवर २०१२ साली 'अनारकली'चे चित्र रंगवणारे आणि २०१४ साली वांद्रे रेक्लमेशनला दादासाहेब फाळके यांना एका अख्ख्या इमारतीवर उभे करणारे रणजित दहिया यांची सुरुवात हरियाणातील आपल्या गावी घरांना चुना लावण्यापासून झाली. तो धागा ध्यानात घ्यावा.

वांद्र्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. तेथे २००७ साली काही तरुणांनी 'द वॉल प्रोजेक्ट' या नावाने भिंती रंगवायला घेतल्या. २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेच्या संमतीने सेनापती बापट मार्गाच्या रेल्वेभिंतीवर शेकडो सामान्य नागरिकांनी आपापला तुकडा रंगवला. चित्रे बरीवाईट होती, काही तर बालिश होती. तरी ज्याने जो तुकडा रंगवला तो तुकडा त्याला पुढे लोकलमधून ओळखता येई. ही ओळख नवी मुंबईच्या सुबक भिंतींना लाभलेली नाही. पण एका दिवसाच्या उत्सवाचीही मर्यादा असतेच. त्या गर्दीत शेजारी शेजाऱ्याला भेटला. मुलगा आणि कलावंत यांना लागतो तो वेळ तेथे नव्हता.

हा वेळ दिला म्हणजे काय घडते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत ठोस उदाहरण दूरचे आहे. लॉस एंजेलिसमध्ये तुहुंगा वॉश नावाचा पूरनियंत्रणाचा एक काँक्रीटचा नाला आहे. आपल्याकडचे धारण तलाव आणि नाले आठवावेत, तसाच रूक्ष. १९७६ साली ज्युडिथ बाका या चित्रकर्तीने त्याच्या भिंतीवर काम आरंभले आणि १९८३ पर्यंत पाच उन्हाळे ते चालले. सुमारे चारशे तरुण-तरुणी त्यात राबल्या. त्यांतले काही बालगुन्हेगारी न्यायालयाच्या वाटेने आलेले होते. त्यांना मजुरी मिळे. इतिहासकार त्यांना शिकवायला येत, वृद्ध शेजारी आपल्या आठवणी सांगायला येत. त्यांतून जवळजवळ अर्धा मैल लांबीचे भित्तिचित्र उभे राहिले. त्यात कॅलिफोर्नियाचा जो इतिहास आहे तो शाळेच्या पुस्तकात फारसा नव्हता: मेक्सिकन कुटुंबांची हकालपट्टी, दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे नागरिक, मूळ रहिवाशांची भूमी. कलेच्या कठोर कसोटीला त्याचा प्रत्येक भाग उतरतो असे मी म्हणणार नाही. छायाचित्रांवरून पाहता आकृत्यांची दाटी होते आणि काही ठिकाणी चित्र भाषण देऊ लागते. पण त्या मुलांना पाच उन्हाळे एक कलावंत रोज काम करताना दिसला, आणि जे रंगवायचे ते आधी समजून घ्यावे लागले.

असे समजून घेण्याजोगे आपल्याकडे काय आहे? सिडकोच्या क्षेत्रात ९५ गावांची जमीन गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाटा परिसरात जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. आज या शहरात वाढणाऱ्या मुलांतली काही त्या आगरी-कोळी घरांतली आहेत, आणि बरीचशी सातारा, कोकण, केरळ, उत्तर प्रदेश येथून आलेल्या कुटुंबांतली. दोघेही एका वर्गात बसतात. ज्या जमिनीवर ती शाळा उभी आहे तिच्यात भात पिकत होता की मीठ, हे एकाला आजीकडून कळते आणि दुसऱ्याला कुणीच सांगत नाही. मी पाहिलेल्या भिंतींवर फ्लेमिंगो पुष्कळ आहेत. खारफुटीच्या काठाने जाळे टाकणारा माणूस क्वचित, आणि भाताच्या खाचरात उभी असलेली बाई त्याहून क्वचित. लग्नात धवले गाणारी धवलारीण मला कुठेच दिसली नाही. फ्लेमिंगो कुणाला हरकत घेत नाहीत, हेही त्यांच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.

आपण ख्रिस्ती वाचकांनी याबाबतीत केवळ महापालिकेकडे बोट दाखवणे न्यायाचे होणार नाही. मोहल्ल्याने उभारलेली आणि मोहल्ल्यानेच राखलेली सार्वजनिक कला आपल्याला ठाऊक आहे. वांद्रे, माझगाव, गिरगाव येथील गल्ल्यांच्या तोंडाशी उभे असलेले क्रूस पाहावेत. त्यांतले अनेक १८९६ च्या प्लेगच्या दिवसांत भयभीत शेजाऱ्यांनी वर्गणी काढून बसवले. त्यांच्यापुढे संध्याकाळी लदीन म्हटली जाई, तरुण पोरे आदल्या दिवशी चुना लावत, फुले गुंफत. गवंडी गल्लीतला, चुना गल्लीतला, राखण गल्लीची. नवी मुंबईतील आपली मंदिरे नवी आहेत, त्यांच्या आवारांना लांबच लांब भिंती आहेत, आणि ग्रोटोतली मूर्ती मात्र यादीतून निवडून आणलेली, गोऱ्या गालांची. आंजेलो दा फोन्सेका या गोव्याच्या चित्रकाराने शांतिनिकेतनात शिक्षण घेऊन पवित्र मरियेला साडी नेसवली, तेव्हा आपल्याच लोकांनी नाके मुरडली. त्याला पुण्यातील एका ख्रिस्ती आश्रमाने आसरा दिला आणि १९६७ साली तो पुण्यातच वारला. स्थानिक कलावंताला आपण काय वागणूक देतो, याची ती जुनी नोंद आहे. नाताळच्या देखाव्यासाठी रात्री जागणारी आपली पोरे थर्माकोल कापण्यात पटाईत झाली आहेत. परिसरात राहणाऱ्या एखाद्या मूर्तिकाराला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्यांनी बोलावल्याचे मी तरी अजून पाहिले नाही. पेणची गणेशमूर्तींची परंपरा आपल्यापासून फार दूर नाही. मातीला हात कसा लावावा हे सांगणारी माणसे तेथे घरोघरी आहेत.

या लेखात मी योजना मांडायला बसलेलो नाही. समीक्षकाने वाईट काय ते सांगावे आणि बरे कसे होईल ते करणाऱ्यावर सोडावे, अशी आमच्या एका गुरुजींची शिस्त होती. तरी एक साधी व्यावहारिक गोष्ट नोंदवतो. आपल्याकडचा पावसाळा बाहेरच्या भिंतीवरचा रंग फार वर्षे टिकू देत नाही. २०२० नंतर रंगवलेल्या भिंतींपैकी काहींचे पापुद्रे सुटू लागले आहेत; फ्लेमिंगोंच्या पायांपासून सुरुवात झाली आहे, कारण ओल खालून चढते. म्हणजे या भिंती पुन्हा रंगवाव्या लागणारच, आणि त्यासाठी पैसा पुन्हा खर्च होणारच. तेव्हा निघणाऱ्या निविदेत चित्रकाराच्या सहीसाठी एक हात जागा, परिसरातील एखाद्या जुन्या पेंटरचे नाव आणि त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या चार-सहा मुलांची महिनाभराची मजुरी, एवढ्या तीन ओळी वाढवायला फारसा खर्च येत नाही. आणि बेलापूरच्या त्या आठ मीटरांच्या अंगणांपैकी एखाद्यातून मोटार बाजूला काढायला तर निविदेचीही गरज नाही. सात घरांची संमती मिळाली की झाले.